समोरच्याचे डोळे दिपवणारा उजेड



एरवी तुम्ही पापनिवेदनासाठी आमच्याकडे येता. आज आम्हीच तुमच्यापुढे एक कबुली देणार आहोत.

काही महिन्यांपूर्वी आम्ही आमच्या मोटारसायकलच्या हेडलाइटचा बल्ब घरच्या घरी बदलला. कारण तसे चांगलेच होते. आजाऱ्याला तैलाभ्यंग देण्यासाठी रात्री-अपरात्री निरोप येतो. वाड्यांमधले रस्ते अरुंद, कडेला उघडी गटारे आणि जुना 35 वॅटचा बल्ब मिणमिणता. आम्ही बाजारातून पांढराशुभ्र एलईडी बल्ब आणला आणि स्वतःच बसवला. पहिल्या रात्री वाटले, जणू दिवसच उगवला!

मग एका रात्री अशाच निरोपावरून जात असताना समोरून एक वयस्कर गृहस्थ सायकलवर आले. आम्हांला ते स्पष्ट दिसत होते. त्यांना मात्र काहीच दिसत नव्हते. डोळ्यांवर हात धरून ते कडेला सरले आणि सायकलसकट गटारात गेले. गुडघा फुटला, देवकृपेने हाड वाचले. आम्ही उचलायला धावलो तेव्हा ते म्हणाले, “फादर, तुम्ही होय! मला वाटलं ट्रकच आला.” त्यांनी हसून सोडून दिले. आम्हांला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. एका आजाऱ्याला धीर द्यायला निघालो होतो आणि वाटेत दुसऱ्याला जखमी केले.

दिवा मापाखाली ठेवू नये, दिवठणीवर ठेवावा, हे प्रभू येशूचे वचन आपण मत्तयच्या शुभवर्तमानात अनेकदा ऐकले आहे. पण त्यातला पुढचा भाग आपल्या लक्षात राहत नाही. दिवा दिवठणीवर ठेवायचा तो घरातल्या सर्वांना उजेड मिळावा म्हणून. लावणाऱ्या एकट्यासाठी नव्हे. आमचा दिवा फक्त आमच्यासाठी जळत होता.

आमचे चुकले कुठे, हे आम्ही नंतर गॅरेजमध्ये समजून घेतले. हेडलाइटमधला रिफ्लेक्टर बल्बच्या तारेच्या ठरावीक जागेसाठी घडवलेला असतो. आपल्या अनेक गाड्यांतल्या हॅलोजन बल्बमध्ये डिपरच्या तारेखाली धातूची एक छोटी वाटी असते. वर उडू शकणारा उजेड ती अडवते. त्याच हेडलाइटमध्ये वेगळ्या घडणीचा एलईडी बल्ब बसवला, की उजेडाचा उगम जागेवरून हलू शकतो. मग उजेड रस्त्यावर पडण्याऐवजी चहूकडे फाकतो. काही तरुण 90-100 वॅटचा बल्ब लावतात. गाडीचे बारीक वायरिंग तेवढ्या भारासाठी नसते. होल्डर वितळतो, रिफ्लेक्टर करपतो. कायद्यानेही याला मर्यादा घातली आहे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करू देत नाही आणि 1989 चे केंद्रीय नियम सांगतात, की पुढच्या दिव्याचा झोत समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत असा खाली झुकलेला असावा.

हा नियम का, ते साध्या हिशेबाने कळते. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे 14 मीटर पुढे जाते. डोळे दिपून तीन सेकंद काही दिसले नाही, तर माणूस 40 मीटरहून अधिक अंतर आंधळेपणाने जातो. वय वाढते तसे दिपलेले डोळे सावरायला अधिक वेळ लागतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही प्लेटोचे गुहेचे रूपक वाचले होते. अंधारात वाढलेल्या बंदिवानाला एकदम सूर्याकडे वळवले तर त्याला दिसत तर नाहीच, उलट डोळे दुखतात. त्याला आधी सावल्या दिसतात, मग पाण्यातली प्रतिबिंबे, मग वस्तू आणि सर्वांत शेवटी सूर्य. परीक्षेत आम्ही यावर पानेच्या पाने लिहिली. त्याचा अर्थ मात्र गटाराच्या काठावर कळला. उजेड वाढला म्हणजे प्रत्येकाला जास्त दिसेलच असे नाही.

बंधू-भगिनींनो, हे केवळ रस्त्यावर घडत नाही. घरात, सभेत आणि कधी कधी वेदीवरून प्रवचन करतानाही आपण खरे तेच बोलतो, पण अप्पर लावून बोलतो. मुलाची चूक चारचौघांत दाखवतो. सुनेला पाहुण्यांसमोर सुनावतो. आपले म्हणणे बरोबर असते, समोरचा मात्र गटारात जातो. सत्य सोडायचे नाही, पण समोरून माणूस येत असताना डिपर द्यायला शिकायचे. ज्याचा चेहरा अंधारात आपल्याला दिसत नाही, तोही आपला शेजारीच आहे.

मग रात्री नीट दिसावे म्हणून काय करावे? आधी हेडलाइटची काच आणि हेल्मेटची काच पुसा. समुद्राच्या खाऱ्या हवेने गंजलेले जोड साफ करून घ्या; व्होल्टेज थोडे जरी कमी मिळाले तरी हॅलोजनचा उजेड बराच घटतो. बल्ब कंपनीने सांगितलेल्या वॅटचाच घाला. मग फोकस तपासा. गाडी सपाट जमिनीवर भिंतीपासून 5 मीटरवर सरळ उभी करा, चाकांत योग्य हवा असू द्या आणि वर बसा. हेडलाइटच्या मध्याइतक्या उंचीवर भिंतीवर खडूने रेघ मारा. डिपरच्या झोताची वरची कड त्या रेघेच्या 5 ते 10 सेंटिमीटर खाली यायला हवी. मागे माणूस बसला की झोत वर उचलला जातो. म्हणून जे जोडीने फिरतात त्यांनी जोडीनेच तपासावे.

येत्या रविवारी सायंकाळच्या मिस्सानंतर चर्चच्या मागच्या भिंतीवर आम्ही अशी रेघ मारून ठेवणार आहोत. आपल्या धर्मग्रामातले दोन मेकॅनिक मदतीला असतील. आपापल्या गाड्या घेऊन या. आम्ही मूळ बल्ब पुन्हा बसवला आहे आणि रांगेत पहिली गाडी आमचीच असेल.

प्रभू तुमच्या वाटा उजळो आणि तुमच्यामुळे दुसऱ्यांच्याही उजळोत.

आपल्या सेवेत,
तुमचे धर्मगुरू