लिंबूटिंबू की भिडू?

ग्वाल्हेर नगरीचे आणि व्यायामाचे नाते जुने आहे. राणी लक्ष्मीबाईंनी जेथे देह ठेवला, तेथेच त्यांच्या नावाचे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय १९५७ साली निघाले; आणि २०२३ साली याच नगरीत दिव्यांग खेळाडूंसाठी अटलबिहारी वाजपेयी यांच्या नावाचे प्रशिक्षण केंद्रही उघडले. थोर खेळाडूंची सोय झाली. प्रश्न उरतो तो शाळेच्या मैदानाचा. ज्याच्या पायांत बळ नाही असा मुलगा व्यायामाच्या तासाला कोठे असतो? बहुधा झाडाखाली, इतरांच्या चपला राखीत!

२०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमाचे सोळावे कलम सांगते की, अशा मुलास खेळाची संधीही इतरांच्या बरोबरीने मिळाली पाहिजे. परंतु गडी वाटून घेताना कोणाचे नाव पुकारावे, हे कोणतेही कलम ठरवू शकत नाही. तेथे मुलांचे मन हेच न्यायासन.

मुले निर्दय असतात असे आम्ही मानीत नाही. 'लिंबूटिंबू' ही तोड त्यांचीच. दुबळा सोबती खेळात येतो, धावतो. पण तो बाद झाला तरी बाद नव्हे, आणि त्याने गडी टिपला तरी तो कोणी मोजीत नाही. यात दया आहे, हे खरे. पण न्याय आहे काय? ज्याच्या चुकीला शिक्षा नाही, त्याच्या पराक्रमालाही मोल नाही. तो खेळात असतो, डावात नसतो.

मुले म्हणतील, 'नियम बदलणे ही लबाडीच!' आक्षेप रास्त आहे, म्हणून त्यास उत्तर दिले पाहिजे. लंगडीत धडधाकट मुलगाही नियमानेच एक पाय उचलतो. कुस्तीत वजनाचे गट असतात. त्यास लबाडी कोणी म्हणत नाही. मार्टिन ब्लॉक या अमेरिकन अभ्यासकाने १९९५ साली मुलांसाठी जी प्रश्नावली सिद्ध केली, तीतही असेच प्रश्न होते: अपंग सोबती आपल्या संघात चालेल काय? चेंडू टेकणीवर ठेवून त्यास मारू द्यावा काय?

आमच्या मते विवेक एवढाच, की सवलत साधनात असावी, हिशोबात नसावी. टेकणी द्यावी, पण त्याची धाव धाव म्हणून आणि त्याचा बाद बाद म्हणूनच मोजावा. १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेले मुरलीकांत पेटकर १९७२ साली हायडेलबर्ग येथे पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक जिंकले. प्रतिस्पर्धीही दिव्यांगच होते. परंतु घड्याळाने कोणावरही दया केली नाही, म्हणूनच ते पदक खरे.

आणि ही सवलत कोणती असावी, हे गुरुजींनी लादू नये. त्या मुलास विचारून सवंगड्यांनी ठरवावे. स्वतः केलेला नियम मुले प्राणपणाने पाळतात.

अष्टावक्राने जनकाच्या सभेत दया मागितली नाही. वादात उतरण्याची वाट मागितली, आणि बंदीस जिंकले. आमच्या देवळांच्या उत्सवांतही मुलांचे सामने होतात. त्या प्रांगणात कोणी लिंबूटिंबू नसावा. सारेच भिडू असावेत.