खेळाडू कोणत्या देशाचा?

आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये एखाद्या देशाकडून खेळायला तीनपैकी एक नाते पुरते: तिथला जन्म, तिथले नागरिकत्व किंवा तिथले किमान तीन वर्षांचे वास्तव्य. या सवलतीची गरज सप्टेंबर २०२४ मध्ये अफगाणिस्तानविरुद्धच्या कसोटीसाठी ग्रेटर नोएडात आलेल्या न्यूझीलंडच्या संघाकडे पाहून कळते. रचिन रवींद्र वेलिंग्टनमध्येच जन्मला. आईवडील भारतातून गेलेले. डेव्हन कॉनवे जोहान्सबर्गचा. २०१७ मध्ये तो न्यूझीलंडला गेला आणि तीन वर्षे भरल्यावर २०२० मध्ये संघात आला. एजाज पटेल मुंबईत जन्मला, आठव्या वर्षी घरच्यांबरोबर तिकडे गेला आणि क्रिकेटपटू म्हणून तिथेच घडला. डिसेंबर २०२१ मध्ये वानखेडेवर त्याने भारताचे दहाही गडी एकट्याने टिपले, तेव्हा मुंबईला तो आपला वाटला. ते प्रेम खरे होते; पण खेळाडू ज्या मातीत घडतो, तिचा हक्क जन्मगावापेक्षा मोठा मानायला हवा.

पावसामुळे आणि ओल्या मैदानामुळे ती कसोटी एकही चेंडू न पडता रद्द झाली. तिचा यजमान अफगाणिस्तान होता. मायदेशी सामने भरवता येत नसल्याने त्याने हे मैदान ‘घरचे’ म्हणून घेतले होते. अफगाण क्रिकेटची पहिली पिढी पाकिस्तानातील निर्वासित छावण्यांत खेळ शिकली. केवळ वास्तव्य मोजले असते तर ती पिढी पाकिस्तानची ठरली असती आणि केवळ जन्म मोजला असता तर कॉनवे कायमचा दक्षिण आफ्रिकेचा. एकाच मापाने न्याय होत नाही तो असा.

मोकळीक दिली की श्रीमंत संघ लहानांचे खेळाडू नेतात, ही भीती खोटी नाही. डब्लिनचा इऑन मॉर्गन आयर्लंडकडून खेळत होता. २००९ मध्ये तो इंग्लंडकडे गेला आणि २०१९ चा विश्वचषक त्याने इंग्लंडचा कर्णधार म्हणून उंचावला. तेव्हा कसोटीचा दर्जा नसलेल्या आयर्लंडला त्याला थांबवता आले नाही. अडथळा हवा तो इथे, देश बदलून नव्याने संसार थाटणाऱ्यांच्या वाटेत नव्हे.

भारताने मात्र नागरिकत्वाचे एकच दार उघडे ठेवले. डिसेंबर २००८ मध्ये क्रीडा मंत्रालयाने भारतीय पासपोर्ट नसलेल्यांना राष्ट्रीय संघाची दारे बंद केली. डेव्हिस चषकात भारताकडून खेळलेला अमेरिकन नागरिक प्रकाश अमृतराज त्यामुळे बाहेर राहिला. परक्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारताचे जाते, आणि परदेशस्थ भारतीयांना मिळणारे ‘ओसीआय’ कार्ड म्हणजे नागरिकत्व नव्हे. म्हणून फुटबॉलपटू अराता इझुमीला जपानी नागरिकत्व सोडावे लागले. २०१३ मध्ये तो भारताकडून खेळला. नियम सर्वांना सारखा आहे, हे त्याचे बळ. पण वर्षानुवर्षे इथे राहून खेळणाऱ्याला तो काहीच देत नाही, ही उणीव भरून काढायला हवी.

सर्वांत कठीण प्रश्न अफगाण महिला क्रिकेटपटूंचा आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांच्या मंडळाने पंचवीस खेळाडूंशी करार केले. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानची सत्ता आली आणि त्यांतील बहुतेकींनी ऑस्ट्रेलिया गाठले. जन्म आहे, नागरिकत्व आहे, तरी संघ नाही. कारण पात्रता खेळाडूची असली तरी संघ उतरवण्याचा अधिकार मंडळाचा असतो, आणि मंडळ काबूलच्या सत्तेखाली आहे. ३० जानेवारी २०२५ रोजी मेलबर्नच्या जंक्शन ओव्हलवर त्या एकत्र खेळल्या, पण देशाचा अधिकृत संघ म्हणून नव्हे. मंडळाला वगळून अशा खेळाडूंना मान्यता देणारे कलम आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या नियमांत यायलाच हवे.