बदली डॉक्टर आणि दवाखान्याची स्मृती

फॅमिली डॉक्टर आजारी पडला, परगावी गेला किंवा शस्त्रक्रियेसाठी स्वतःच रुग्ण झाला, की त्याच्या खुर्चीत काही दिवस दुसरा डॉक्टर बसतो. वैद्यकीय वर्तुळात त्याला ‘लोकम’ म्हणतात. सरकारी व्यवस्थेतही हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर चालतो. प्राथमिक आरोग्य केंद्रांतली रिकामी पदे एक वर्षाची बंधपत्रित सेवा करणारे नवे एमबीबीएस आणि कंत्राटी वैद्यकीय अधिकारी यांच्याकडून भरली जातात. हा डॉक्टर चांगले काम करतो की नाही, हे त्याच्या पदवीइतकेच दवाखाना त्याच्या हाती काय सोपवतो यावर ठरते. ही जबाबदारी दवाखान्याची आहे, आणि तिच्याकडे फार कमी लक्ष दिले जाते.

व्यवसायाच्या नियमांत या प्रसंगाची दखल आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार, पेलण्याची क्षमता असेल तरच दुसऱ्याचे रुग्ण पाहण्याची जबाबदारी डॉक्टरने स्वीकारावी, गैरहजर डॉक्टरच्या हिताचा व प्रतिष्ठेचा मान राखावा आणि तो परतल्यावर रुग्ण त्याच्या स्वाधीन करावेत. खुर्चीत कोण बसतो, हाही कायद्याचा प्रश्न आहे. होमिओपॅथीची पदवी असलेल्या डॉक्टरने अॅलोपॅथीची औषधे दिल्याच्या मुंबईतील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली त्याला निष्काळजीपणाबद्दल दोषी धरले. त्यामुळे बदली डॉक्टरची नोंदणी, तिची मुदत आणि त्याला कोणती औषधे देण्याचा अधिकार आहे, हे आधीच पाहून घ्यावे लागते. ओळखीचा आहे, एवढे पुरत नाही.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. ब्रिटनमध्ये रुग्णाने दवाखाना बदलला की त्याच्या नोंदीही नव्या दवाखान्याकडे जातात. आपल्याकडे बहुतेक इतिहास डॉक्टरच्या डोक्यात असतो, उरलेला रुग्णाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. आजींना कोणत्या गोळीने पुरळ उठले होते, कोणाच्या घरात क्षयाचा रुग्ण होऊन गेला, कोण औषध घेतो म्हणतो पण घेत नाही, हे केस पेपरवर क्वचितच लिहिलेले असते. दवाखान्यातूनच पुड्या बांधून देण्याची पद्धत असेल, तर रुग्णालाही औषधाचे नाव माहीत नसते. मग नवा डॉक्टर एकतर तेच औषध पुन्हा देतो किंवा सगळे नव्याने सुरू करतो. दोन्हींत धोका आहे.

पनवेलजवळच्या कोन गावात हा प्रश्न तीव्रतेने जाणवू शकतो. २०१६ मध्ये म्हाडाने येथील २,४१७ घरांची सोडत गिरणी कामगार व त्यांच्या वारसांसाठी काढली. कोरोनाकाळात या इमारती विलगीकरणासाठी वापरल्या गेल्या आणि घरांचा ताबा लांबला. लालबाग-परळच्या चाळींत वर्षानुवर्षे एकाच डॉक्टरकडे जाणारे कुटुंब येथे राहायला आले, की त्याच्यासाठी प्रत्येकच डॉक्टर नवा. समजा, एक वृद्ध दम लागतो म्हणून आला. तो गिरणीत कापूस पिंजण्याच्या (कार्डिंग) खात्यात होता का, हे विचारले नाही तर कापसाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा विकार दमा म्हणून नोंदला जाईल. म्हणून केस पेपरच्या पहिल्या पानावर पूर्वीचा व्यवसाय, अॅलर्जी, चालू औषधे त्यांच्या मूळ नावांनिशी आणि घरातले मोठे आजार, एवढे तरी असायला हवे. बदली डॉक्टरसाठी यापेक्षा मोठी मदत दुसरी नाही.

नोंदीइतकेच महत्त्व परिसराच्या ज्ञानाला आहे. याच रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७० च्या दशकात तरुण डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने मरणारे रुग्ण त्यांनी बारकाईने पाहिले आणि दंशानंतर प्राझोसिन हे औषध उपयोगी पडते, हे पुढे दाखवून दिले. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने त्यांचा अभ्यास छापला. ज्या डॉक्टरला असा रुग्ण कधी दिसलाच नाही, त्याने घाम, थंड पडलेले हातपाय आणि उलट्या पाहून काय ओळखावे? एका माणसाने कष्टाने मिळवलेले ज्ञान दुसऱ्याला पहिल्याच दिवशी हाती लागावे, यासाठी दवाखान्यात एक कागद पुरेसा असतो: परिसरात कोणते दंश व विषबाधा होतात, आपत्कालीन औषधे कोणत्या कप्प्यात आहेत, कोणत्या रुग्णाला ताबडतोब पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात पाठवायचे आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ वर कोणी फोन करायचा. क्षयाच्या प्रत्येक रुग्णाची माहिती शासनाला कळवणे खासगी डॉक्टरांवरही २०१२ पासून बंधनकारक आहे. त्याची रीतही या कागदावर हवी.

दवाखान्यातली माणसे हा या मदतीचा दुसरा भाग. कंपाउंडर, सिस्टर, आरोग्य केंद्रात आशा आणि एएनएम यांना गावाची नाडी ठाऊक असते. रुग्ण आत येण्याआधी त्यांनी डॉक्टरला दोन वाक्यांत माहिती दिली, तर कितीतरी प्रश्न वाचतात. मात्र ‘मोठे डॉक्टर असे देत नाहीत’ हे रुग्णासमोर बोलून बदली डॉक्टरची अडवणूक करू नये. शंका असेल तर ती आत विचारावी. रुग्णालाही आधी कळवायला हवे. मूळ डॉक्टरने स्वतः नाव घेऊन ओळख करून दिली, दारावर तारखा लावल्या, की हातगुणावर विश्वास ठेवणारे रुग्णही निमूट थांबतात. पहिले दोन दिवस ओपीडी थोडी कमी ठेवणे शहाणपणाचे. अनोळखी रुग्णाला वेळ लागतो आणि घाईत चुका होतात. मोबदला, कामाचे तास आणि अडचण आली तर मूळ डॉक्टरला कधी फोन करायचा, हे लेखी ठरलेले असले की नंतर कटुता येत नाही.

परत सोपवण्याची तयारी तितकीच काटेकोर हवी. बदललेली औषधे व बदलाचे कारण, पुढे पाठवलेले रुग्ण, अजून न आलेले तपासणी अहवाल आणि पुन्हा बोलावलेल्यांच्या तारखा बदली डॉक्टरने रोजच्या वहीत लिहाव्यात. शेवटच्या दिवशी घाईने लिहिलेल्या टिपणात नेमका थुंकीचा किंवा साखरेचा बाकी अहवालच सुटतो, आणि त्याची जबाबदारी मग कोणाचीच राहत नाही. मूळ डॉक्टरने परतताच ही वही रुग्ण पाहण्याआधी वाचावी आणि बाकी अहवालांचा पाठपुरावा त्याच दिवशी आपल्याकडे घ्यावा.