शिखरावरचा दिवा आणि खालची नजर

कृती एकाची असते, तिचा अर्थ मात्र पाहणारा लावतो. तो अर्थ चुकला तर दोष कोणाकडे? हा प्रश्न जुनाच आहे. आज त्याला एक दूरदेशीचा दृष्टांत घेऊ.

स्पेनच्या मायोर्का बेटावर एस्क्लोप नावाचा चुनखडीचा डोंगर आहे. उंची सुमारे सव्वानऊशे मीटर. एका अंगाने चढावे, दुसऱ्या अंगाने उतरून निघाल्या जागी यावे. दिवसभराची प्रदक्षिणाच म्हणा ना! त्या डोंगररांगेत कोळसा पाडणाऱ्यांचे गोल ओटे दिसतात, तिथलाच दगड भाजून चुना करायच्या पडक्या भट्ट्या दिसतात. माथ्यावर मोजणीची खूण आहे, अन् एका दगडी खोपटाच्या उरलेल्या भिंती.

त्या खोपटात १८०८ साली फ्रान्स्वा आरागो हा बावीस वर्षांचा फ्रेंच ज्योतिषी राहत होता. पृथ्वीच्या मापावरून मीटर ठरला होता. ते माप अधिक नेमके व्हावे म्हणून पॅरिसची मध्यान्हरेषा बेटांपर्यंत मोजत न्यायचे काम त्याच्याकडे होते. त्यासाठी रात्री शिखरावर दिवा. पण त्याच वर्षी नेपोलियनची फौज स्पेनमध्ये शिरलेली. खालचे लोक म्हणाले, हा हेर आहे, शत्रूला खुणा करतोय! जमाव डोंगराकडे निघाला. आरागो वेष पालटून खाली उतरला. वाटेत तोच जमाव भेटला. त्याची मायबोली त्यांच्या बोलीची सख्खी बहीण. तो त्यांच्याच भाषेत बोलला, कोणी ओळखले नाही. पुढे जीव वाचवायला त्याने आपण होऊन बेल्व्हेरच्या किल्ल्यात कैद पत्करली. १८०९ साली मोजणीचे कागद सांभाळून तो मायदेशी पोचला.

आता सांगा, ते लोक दुष्ट होते काय? नव्हते. देशावर संकट होते, भय खरे होते. पण भय खरे असले म्हणून भयाने काढलेला निवाडा खरा ठरत नाही. ज्याच्याशी ते वाटेत आपल्या भाषेत बोलले, त्यालाच मारायला ते निघाले होते!

हे परक्यांचे म्हणून सोडून देऊ नका. १ जुलै २०१८ रोजी आपल्याच धुळे जिल्ह्यात, राईनपाड्याला, मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार केले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते. भिक्षा मागून पोट भरणारे. तिथे वेष पालटायला सवड मिळाली नाही.

म्हणून उंचावर दिवा लावणाऱ्याने जमेल तेवढे खाली सांगावे, हे खरेच. पण मोठी जबाबदारी पाहणाऱ्याची. कारण त्याच्यामागे गर्दी असते, अन् दिवेवाला एकटा असतो. डोंगर एका बाजूने नुसता कडा दिसतो, दुसऱ्या बाजूने तिथेच पायवाट असते. माणसाचेही तसेच. आधी त्याला एक प्रदक्षिणा घालावी, चार शब्द विचारावेत, मग काय ते ठरवावे. विचारायला उशीर झाला तर बिघडत नाही. हात उगारायची घाई झाली तर मात्र परत फिरता येत नाही.