सकाळपासून संध्याकाळपर्यंत
(शास्त्रपाठ : निर्गम १८ : १-२७)



इस्राएल लोक मिसर देशांतून निघून रानांत देवाच्या डोंगराजवळ तळ देऊन राहिले असतां मोशेचा सासरा इथ्रो त्याच्या भेटीस आला. तो एकटा आला नव्हता. मोशेची बायको सिप्पोरा आणि गेर्षोम व एलियेजर हे दोन मुलगे ह्यांस तो बरोबर घेऊन आला होता. कारण मोशेनें तिला मागें माहेरीं पाठवून दिलें होतें. मोशे सासऱ्याला सामोरा गेला, त्यानें त्याला नमन केलें, क्षेमकुशल विचारिलें आणि देवानें केलेलीं महत्कृत्यें सांगितलीं. इथ्रोनें देवाचा धन्यवाद केला. अहरोन व वडीलजन ह्यांच्यासह देवापुढें भोजन झालें. दुसऱ्या दिवशीं मोशे न्याय करावयास बसला, आणि लोक सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच्यापुढें उभे राहिले.

शास्त्र येथें फार थोडक्यांत बोलतें. पण ज्या घरीं बायकामुलें दूरच्या वाटेनें नुकतींच येऊन पोंचलीं आहेत, त्या घरांत तो दिवस कसा गेला असेल, हें आमच्या उपदेशकांच्या बायकांस कोणीं समजावून सांगावयास नको.

इथ्रोनें सर्व पाहिलें आणि विचारिलें कीं, तूं एकटाच कां बसतोस? मोशेनें उत्तर दिलें कीं, लोक माझ्याकडे येतात. हें उत्तर आपणां सर्वांस पाठ आहे. लोक येतात, मी काय करूं? आणि खरें बोलावयाचें तर ह्या उत्तरांत थोडी गोडीहि असते. आपल्यावांचून कोणाचें चालत नाहीं, हें ऐकावयास कोणाला आवडत नाहीं?

इथ्रोनें मोशेच्या निवाड्यांत एकही चूक काढिली नाहीं. मोशेला लोभ होता असें नाहीं, आळस तर नव्हताच. दोष इतकाच कीं, तो एकटा बसला होता. आणि इथ्रोच्या बोलण्याचा अर्धाच भाग आपण बहुधा ऐकतों. तूं थकशील एवढेंच तो म्हणाला नाहीं. तुझ्याबरोबरचे हे लोकही थकतील, असें तो म्हणाला. एका शेळीच्या तंट्यासाठीं दिवसभर उन्हांत उभा राहिलेला मनुष्य न्याय मिळूनहि शिणूनच घरीं जातो. आमच्या खेड्यांतील मंडळ्यांची हीच गत नाहीं काय? एका उपदेशकाकडे चार-पांच गांवें. तो आला नाहीं कीं उपासना नाहीं. आजाऱ्याच्या बिछान्यापाशीं शेजारी बसतो, पण प्रार्थना करीत नाहीं. कारण ती उपदेशकानें करावयाची. नवराबायकोचें भांडण तो येईपर्यंत तसेंच धुमसत राहतें. अशी मंडळी सेवकाच्या कष्टानें वाढत नसते. ती त्याच्या खांद्यावर बसून पांगळी होत असते.

मोशेनें सासऱ्याचें ऐकिलें व हजार, शंभर, पन्नास आणि दहा लोकांवर नायक नेमिले. तरी गणनेच्या अकराव्या अध्यायांत तोच मोशे ओझ्यानें इतका वांकलेला दिसतो कीं, त्यानें देवाजवळ मरण मागितलें. देवानें त्याला धमकाविलें नाहीं. सत्तर वडील निवडावयास सांगून मोशेवर जो आत्मा होता त्यांतूनच त्यांस दिला. त्या वेळीं एल्दाद व मेदाद हे दोघे छावणींतच राहून संदेश देऊं लागले, तेव्हां यहोशवाला तें खपेना. मोशेला मात्र आनंद झाला. आमच्याकडे यहोशवा पुष्कळ आहेत. शाळामास्तरानें किंवा एखाद्या विधवा बहिणीनें प्रार्थना चालविली तर ती कमी प्रतीची, असें ते समजतात. आपला सेवक आजारी पडला म्हणून रडणारेहि बहुधा तेच असतात.

कोणी विचारील, वधस्तंभ उचलावयास बोलाविलेल्यानें विसाव्याची गोष्ट बोलावी काय? मार्काचा सहावा अध्याय काढा. सेवेवरून परत आलेल्या शिष्यांस जेवावयासही सवड मिळेना, हें पाहून प्रभु येशूनें त्यांस एकांतीं जाऊन थोडा विसावा घेण्याची आज्ञा केली. मचवा तीराला लागतो न लागतो तों लोक पायीं धांवत पुढें येऊन उभे! प्रभूला त्यांचा कळवळा आला. त्यानें त्यांस शिकविलें आणि पांच हजार पुरुषांस जेवूं घातलें. तेव्हां विसाव्याची वेळ ठरली म्हणून मरणाऱ्याच्या हांकेला दार लावून घ्यावें, असें शास्त्र शिकवीत नाहीं. पण त्यापुढील वचनें आपण घाईनें वाचतों. जेवण होतांच त्यानें शिष्यांस मचव्यांत बसवून पुढें पाठविलें, लोकसमुदायाला निरोप दिला आणि तो प्रार्थना करावयास डोंगरावर गेला. त्या समुदायांत कांहीं विचारावयाचें राहिलेले लोक नव्हते काय? असतीलच. तरी त्यानें निरोप दिला.

हेन्री मार्टिन १८०६ सालीं ह्या देशांत आला. त्यानें हिंदुस्थानी व फारसी ह्या भाषांत नव्या कराराचें भाषांतर केलें, आणि १८१२ त तुर्कांच्या मुलुखांत तोकात येथें, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षीं, परक्या लोकांत त्याचा अंत झाला. अशा दिव्यासाठीं आम्ही देवाची स्तुति करितों. परंतु ज्या श्रीरामपुराजवळ तो कांहीं काळ राहिला, तेथेंच विल्यम केरी होता. तो १७९३ पासून १८३४ पर्यंत, एकेचाळीस वर्षें, ह्या देशांत राबला. तो एकटा नव्हता. छापखाना वॉर्डनें पाहिला, शाळा मार्शमननें पाहिल्या, भाषांतर केरीनें केलें. आणि त्याच्या मराठी कामाला वैजनाथ पंडिताचें साहाय्य होतें. त्याचें मराठी व्याकरण १८०५ त निघालें तें अशा व्यवस्थेंतून. मार्टिनचें मरण देवाच्या हातीं होतें; केरीची व्यवस्था मात्र आपल्या हातांतील गोष्ट आहे.

म्हणून उपदेशक बंधूंनो, प्रभुवार हा तुमच्या कष्टाचा दिवस आहे. आठवड्यांतील दुसरा एक दिवस विसाव्यासाठीं ठरवा आणि तो मंडळीला उघड सांगा. मरण, बाळंतपणाची अडचण, जिवावरचें दुखणें ह्यांसाठीं रात्रींही उठावें. बांधाच्या वादाला सकाळ चालते. इथ्रोनें हीच निवड सांगितली होती : कठीण गोष्ट मोशेकडे, लहान गोष्ट नायकांकडे. आणि थकवा आला असेल तर तो पाप समजून लपवूं नका; जवळच्या पाळकाला मोकळेपणें सांगा.

पंच मंडळींनो, तुम्हांसहि एक काम आहे. इथ्रोनें माणसें निवडावयाची तीं देवाला भिणारीं, खरीं व लांचाचा तिटकारा करणारीं असावींत, असें सांगितलें. नुसतीं रिकामीं सांपडलेलीं नव्हेत. येत्या प्रभुवारीं उपासनेनंतर बसा. आजाऱ्यांची भेट कोण घेईल, उपदेशक दुसऱ्या गांवीं असतां शास्त्र कोण वाचील, बुधवारची प्रार्थना कोणाच्या घरीं, हें ठरवून नांवें वहींत लिहा. वाचतां येणारा एकही नसेल तर शाळेंतील एखाद्या मुलाला उभें करा. आणि त्या दिवशीं उपदेशकाला लवकर घरीं जाऊं द्या.