गॉर्डनची गोळी आणि आपला निःश्वास

डोलवीच्या पोलाद कारखान्यात नोकरीनिमित्त आलेली वसईकडची काही कुटुंबे इकडे राहतात. गेल्या पावसाळ्यात त्यांपैकी एका घरी मी रात्रीच्या जेवणास गेलो होतो. पाने मांडायची होती. घरातला थोरला मुलगा, यंदा दहावीत असलेला, टीव्हीसमोर बसून 'गॉथम' नावाची अमेरिकन मालिका पाहत होता. पडद्यावर एक पोलीस अधिकारी, मार खाऊन जमिनीवर लोळागोळा झालेल्या माणसावर पिस्तूल रोखून उभा होता. "मार ना! वाट कसली बघतोस?" मुलगा पुटपुटला. बार झाला. मुलाने सुटकेचा निःश्वास टाकला. आणि वाचकहो, खरे सांगायचे तर तो निःश्वास माझ्याही छातीतून निघाला. मालिका काय, माणूस कोण, त्याचा गुन्हा कोणता, यांपैकी काहीही मला ठाऊक नसताना!

त्या निःश्वासाने मला पुढे कित्येक दिवस स्वस्थ बसू दिले नाही. त्या मुलाला सोबतीला घेऊन मी मालिकेचे पुष्कळ भाग पाहिले. माझ्या वयाच्या धर्मगुरूने असले काही पाहावे का, असे कुणी विचारील. पण आपली मुले जे पाहतात ते न पाहताच त्यावर प्रवचन करणे मला अधिक गैर वाटते.

बॅटमन हे पात्र १९३९ सालचे. त्याच्या जन्मापूर्वीची गोष्ट सांगणारी ही मालिका २२ सप्टेंबर २०१४ रोजी सुरू झाली आणि शंभर भाग पूर्ण करून २५ एप्रिल २०१९ रोजी संपली. मुखवटा घातलेला वीर तीत अखेरपर्यंत जवळजवळ दिसतच नाही. दिसतो तो त्याचा मित्र होऊ पाहणारा जिम गॉर्डन हा तरुण पोलीस. शहर सडलेले आहे. पोलीस आयुक्तापासून महापौरापर्यंत सारे गुंडांच्या पदरी. एका गल्लीत ब्रूस वेन नावाच्या लहान मुलाच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईवडिलांना गोळ्या घातल्या जातात. पायरीवर थिजून बसलेल्या त्या मुलाला गॉर्डन शब्द देतो की मी खुनी शोधून काढीन. पुढची सारी फरफट या एका शब्दापायी आहे.

पहिल्याच भागात त्याची कसोटी लागते. आपण 'आपल्यांपैकीच' आहोत हे सिद्ध करण्यासाठी त्याने ऑस्वाल्ड कॉबलपॉट या खबऱ्याला धक्क्यावर नेऊन ठार करावे, असा टोळीच्या म्होरक्याचा हुकूम असतो. गॉर्डन गोळी कानाजवळून झाडतो, त्याला पाण्यात ढकलतो आणि परत येऊ नकोस असे बजावतो. तो परत येतो. 'पेंग्विन' या नावाने शहराचा गुन्हेगारसम्राट होतो. माझ्या तरुण मित्राचे म्हणणे असे, की गॉर्डनने तेव्हाच मारले असते तर पुढची इतकी मढी पडली नसती. हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाला पुढचे भाग पाहायला मिळालेले नसतात. त्याच्यापुढे होता एक थरथरणारा, हात जोडून जीव मागणारा मनुष्य. त्या क्षणी जे दिसत होते त्याला तो इमानी राहिला.

खरी घसरण दुसऱ्या पर्वात आहे, आणि ती लेखकांनी मोठ्या जाणतेपणाने रंगवली आहे. नोकरी गमावलेला गॉर्डन ती परत मिळावी म्हणून त्याच पेंग्विनच्या दारी जातो. मोबदल्यात एक वसुली करायची असते. वसुलीत एक माणूस त्याच्या हातून मरतो. आयुक्ताला घालवले जाते, गॉर्डन पुन्हा वर्दी चढवतो. हेतू चांगलाच होता. आणि योग्य मार्ग कधीकधी कुरूपही असू शकतो, हा विचार त्याच्या मनात कोणी घातला? त्याच पोरक्या ब्रूसने! लहान मुलाला दिलेला शब्द पाळण्यासाठी मोठा माणूस त्या मुलाकडूनच पाप करण्याची परवानगी मिळवतो, हे दृश्य मला खुनाच्या दृश्यांहून अधिक भयानक वाटले.

मी त्या रात्री पाहिले ते याच वाटेवरचे पुढचे वळण. थिओ गॅलव्हन हा धनाढ्य न्यायालयातून सुटलेला असतो, कारण मुख्य साक्षीदारच उलटतो. सुटल्यावर तो ब्रूसचा बळी द्यायला निघतो. मुलगा वाचतो, गॅलव्हन हाती लागतो, आणि गॉर्डन त्याला कायद्याच्या स्वाधीन न करता गोळी घालतो. त्यानंतर चौकशीत खोटे सांगतो. एक खून झाकायला एक असत्य, असत्य झाकायला आणखी एक. एवढे करून गॅलव्हन मेलेलाही राहत नाही; एक विकृत शास्त्रज्ञ त्याला पुन्हा उठवतो. ही कल्पना पोरकट खरी, पण तिच्यातला उपरोध पोरकट नाही.

सेमिनरीत असताना आम्ही संत थॉमस अक्वायनस अभ्यासला. अपराध्याला देहदंड देण्याचा अधिकार तो सार्वजनिक सत्तेला देतो; खाजगी माणसाला साफ नाकारतो. तेव्हा मला तो भेद कोरडा, वकिली वाटला होता. अंगावर वर्दी असलेला माणूसही त्या धक्क्यावर खाजगी माणूसच असतो, हे समजायला मला तीस वर्षांनी ही मालिका पाहावी लागली. पुढे ख्रिस्तसभेने या विषयावर आणखी विचार केला आणि २०१८ साली पोप फ्रान्सिस यांनी देहदंडच अस्वीकार्य ठरवला. पण तो विषय निराळा.

मालिका सुरू झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, २३ सप्टेंबर २०१४ रोजी, दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. खटला महाराष्ट्राविरुद्धचा होता. १९९५ ते १९९७ या काळात मुंबईत झालेल्या सुमारे ९९ चकमकी आणि त्यांत मेलेली सुमारे १३५ माणसे हा त्याचा विषय. प्रत्येक चकमकीचा गुन्हा नोंदवा, तपास स्वतंत्र यंत्रणेकडे द्या, दंडाधिकाऱ्याची चौकशी करा, घटनेमागोमाग बढत्या आणि शौर्यपदके देऊ नका, असे न्यायालयाने बजावले.

बरोबर दहा वर्षांनी, २३ सप्टेंबर २०२४ रोजी, बदलापूरच्या शाळेतील दोन चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराचा आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. त्याला आपल्याच रायगड जिल्ह्यातील तळोजा कारागृहातून नेले जात होते. त्याने पिस्तूल हिसकावल्याचे पोलिसांनी सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयापुढे आलेल्या दंडाधिकाऱ्यांच्या अहवालाने पाच पोलिसांना त्या मृत्यूस जबाबदार धरले. त्या संध्याकाळी बदलापुरात फटाके वाजले, पेढे वाटले गेले. त्या लोकांना दोष देणे मला जमत नाही. ऑगस्टमध्ये त्यांनीच तासन्‌तास रेल्वे रोखून धरली होती, तेव्हा कुठे राज्याला जाग आली. ज्या घरचे लेकरू दुखावले त्याला धीर धरा म्हणणे सोपे नाही. पण आरोपी मेला की त्याच्यावरचा खटलाही मिटतो. काय घडले, ते कसे घडू दिले गेले, हे त्या माणसाला पिंजऱ्यात उभे करून शोधण्याची वाट बंद झाली. त्या मुली मोठ्या होतील तेव्हा त्यांच्या हाती त्याच्याविरुद्धचा निकाल नसेल. एका संध्याकाळच्या फटाक्यांची हकिकत असेल.

मालिकेच्या तिसऱ्या पर्वात ब्रूसवर अशीच वेळ येते. आरशांच्या भूलभुलैयात जेरोम हा खुनी त्याच्या हाताखाली येतो. मुलगा त्याला मारतच सुटतो, आणि आरशात स्वतःचा चेहरा दिसत असताना थांबतो. मग तो आपल्या पालकाला, आल्फ्रेडला, सांगतो की मी कुणाचाही जीव घेणार नाही. पुढे एकदा हा नेम त्याच्या हातून मोडतो आणि त्यानंतर तो कितीतरी भाग भरकटतो. गॉर्डनने मोडलेला नेम मात्र प्रेक्षकाला फारसा जाणवत नाही. तो वर्दीत असतो म्हणून की काय?

हे सारे मी त्या घरी पुढच्या भेटीत बोललो. मुलगा ऐकत होता, पण त्याला पटले नव्हते. "फादर," तो म्हणाला, "त्या दोन मुलींच्या घरी जाऊन तुम्ही हे सांगाल?"

मी गप्प राहिलो. भाकऱ्या थापणाऱ्या त्याच्या आईने हात थांबवला.

"तेव्हा मी बदलापूरला बहिणीकडेच होते, फादर," ती म्हणाली. "मीपण पेढा खाल्ला होता."