परत येण्याचा पुरावा

मावशीची फाइल आम्ही दोघींनी मिळून लावली. जेवणाच्या टेबलावर एका बाजूला मूळ कागद, दुसऱ्या बाजूला झेरॉक्स, मधे तिचा चष्मा. लेकीचं बाळंतपण शेंगेन करारातल्या एका देशात व्हायचं होतं, आणि पहिलं बाळंतपण आईने करायचं ही आमच्याकडची रीत. ६८ वर्षांची मावशी सहा आठवड्यांसाठी जाणार होती. डिंक, अळीव, बाळंतशेपा हे सगळं महिनाभर आधीच बांधून तयार होतं.

नियम स्पष्ट होते. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा, त्यात दोन पानं कोरी हवीत. किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय विमासंरक्षण. जाण्यायेण्याचं आरक्षण. ९० युरो शुल्क, शिवाय अर्ज स्वीकारणाऱ्या खासगी केंद्राचा आकार वेगळा. लेकीने तिकडच्या कार्यालयात जाऊन खर्चाची लेखी हमी दिलेली होती. मावशीचं माहेरचं नाव एक, लग्नात बदललेलं दुसरं. दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं. जन्मतारीख १ जून. तिच्या पिढीतल्या निम्म्या गावाची जन्मतारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जूनच लिहिली आहे. ते कुणी विचारलं नाही.

अडलं ते एका ओळीवर: मुदत संपण्याआधी मायदेशी परतण्याचा हेतू दाखवणारे कागद.

नोकरदाराला ही ओळ सोपी जाते. रजा मंजूर असल्याचं पत्र, पगाराच्या स्लिपा, आयकराचं विवरणपत्र. व्यापारी दुकानाचं नोंदणीपत्र लावतो. मावशीने आयुष्यभर शेतात आणि घरात काम केलं, त्याची स्लिप कुठे असते? तिच्या नावावर पोस्टाची मासिक प्राप्ती योजना होती, आणि गावातल्या बायकांची भिशी होती, जिचा कागद नसतो. जमीन होती, पण सातबाऱ्यावर नाव थोरल्या दिरांचं, एकुमॅ म्हणून. एकत्र कुटुंबाचा कारभारी या नात्याने ती नोंद पन्नासएक वर्षांपूर्वी झाली, मावशीचे यजमान गेले तरी तशीच राहिली. तिच्या घामाने पिकलेल्या जमिनीच्या कागदावर तिचं नावच नव्हतं. मुलगा म्हणाला, तुझ्या खात्यावर तीन लाख टाकतो. एजंटाने अडवलं, कारण अर्जाच्या तोंडावर एकदम आलेली रक्कम संशय वाढवते.

अर्जाच्या दिवशी केंद्रात बोटांचे ठसे घ्यायचे होते, दहाही बोटांचे. यंत्रावर हिरवा दिवा लागेना. तिथल्या मुलीने मावशीची बोटं ओल्या कागदाने पुसली, मग थोडं क्रीम लावलं, मग एकेक बोट स्वतःच्या हाताने काचेवर दाबून धरलं. उजव्या अंगठ्याला चार वेळा प्रयत्न करावा लागला. खुरपं धरून, भांडी घासून त्या रेषा झिजल्या आहेत. मुलगी शांतपणे, प्रेमाने काम करत होती, तिचा काही दोष नव्हता. पण मावशी माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "माझ्या हाताला काही झालंय का गं?"

सोळा दिवसांनी नकार आला. छापील नमुना, त्यावर कारणांची यादी, एका चौकोनात खूण. मुदतीत परत जाण्याच्या तुमच्या हेतूबद्दल रास्त शंका आहे, अशा अर्थाची ती ओळ. शंका कशावरून आली, हे लिहायला त्या नमुन्यात जागा होती. तिथे काही लिहिलेलं नव्हतं.

प्रत्येक देशाला आपल्या दारावर उभं राहून आत कोण येतं हे विचारण्याचा हक्क आहे, हे मला मान्य आहे. मुदत संपल्यावर राहून जाणारे लोक असतात, खोटे कागद करणारे एजंट आपल्याच गावांत आहेत. पण विचारण्याच्या पद्धतीत एक गृहीतक दडलेलं आहे आणि त्यावर आपण पुरेसं बोलत नाही. अमेरिकेच्या कायद्यात ते उघड लिहिलेलं आहे. तिथल्या स्थलांतर कायद्याच्या २१४(ब) या कलमानुसार पर्यटक म्हणून अर्ज करणारा प्रत्येक जण कायमचा राहायलाच येतो आहे असं धरून चालायचं, आणि तसं नाही हे त्याने अधिकाऱ्याला पटवायचं. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासाबाहेर सकाळी फाइल छातीशी धरून उभे असलेले सेवानिवृत्त शिक्षक, बँकेतले कारकून, नातवंडं बघायला निघालेल्या आज्या या गृहीतकाला उत्तर द्यायला आलेल्या असतात. खिडकीपाशी मिळतात दोन-चार मिनिटं. नकार आला तर त्यावर अपील नाही. पुन्हा १८५ डॉलर भरून नव्याने अर्ज करायचा. शेंगेनच्या नियमांत निदान नकाराचं कारण लेखी देण्याचं आणि अपिलाचं बंधन आहे, हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे. मात्र ते अपील त्या देशाच्या कायद्याने, बहुधा त्या देशाच्या भाषेत करायचं असतं. साताऱ्याकडच्या एका गावातून ते कोण करणार?

'आरोपी दोषी ठरेपर्यंत निर्दोष' हे तत्त्व आपण शाळेत शिकतो. व्हिसाच्या खिडकीवर ते उलटं होतं, आणि तेही सगळ्यांसाठी नाही. ज्यांच्या पासपोर्टवर जपानचं किंवा कॅनडाचं नाव आहे त्यांना शेंगेन देशांत ९० दिवसांसाठी व्हिसाच लागत नाही. त्यांच्या परत जाण्याचा पुरावा त्यांचा जन्म देतो. मावशीला तो कागदांनी द्यावा लागतो.

ही व्यवस्था अनादी काळापासून चालत आलेली नाही. पहिल्या महायुद्धापर्यंत युरोपातल्या बऱ्याच देशांत साधा प्रवासी पासपोर्टाशिवाय हिंडत असे. युद्धात हेरांची भीती आली, पासपोर्ट सक्तीचे झाले. १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिसला परिषद भरली आणि ३२ पानांच्या पुस्तिकेचा नमुना ठरला. तेव्हा जमलेल्या प्रतिनिधींना ही तात्पुरती सोय वाटत होती. परिस्थिती निवळली की निर्बंध उठवायचे अशी भाषा होती. शंभर वर्षं उलटून गेली, निर्बंध वाढतच गेले.

पण जुना काळ सगळ्यांसाठी मोकळा होता असं मानणं ही मोठी चूक ठरेल. आपल्या माणसांसाठी तो कधीच मोकळा नव्हता. १८६० च्या दशकात मॉरिशसमध्ये करार संपलेल्या भारतीय मजुरांना फोटो चिकटवलेला परवाना सतत जवळ बाळगणं सक्तीचं झालं. कोकणातून बोटीने गेलेले मराठी मजूरही त्या बेटावर होते. युरोपातल्या प्रतिष्ठित गृहस्थाच्या पासपोर्टवर फोटो यायला त्यानंतर पन्नासएक वर्षं जावी लागली. बोटांच्या ठशांचं मूळही इथलंच आहे. बंगालमधल्या जंगीपूरला १८५८ साली विल्यम हर्शेल या ब्रिटिश अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या हाताचा ठसा उमटवून घेतला, पुढे त्याने शब्द फिरवू नये म्हणून. मग १९०६ मध्ये ट्रान्सवालच्या सरकारने तिथल्या भारतीयांना बोटांचे ठसे देऊन नोंदणी करण्याची सक्ती आणली. गांधीजींचा सत्याग्रह त्यातून उभा राहिला आणि १९०८ च्या ऑगस्टमध्ये जोहान्सबर्गच्या मशिदीच्या आवारात लोकांनी ते नोंदणीचे दाखले जाळले. मावशीचा अंगठा काचेवर दाबला जात होता तेव्हा मला हे आठवत होतं. ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही त्याच्या शरीराची खूण घ्यायची, ही कल्पना आधी आपल्यावर वापरून पाहिली गेली आणि नंतर जगाच्या विमानतळांवर पोहोचली.

कोमागाता मारूची गोष्ट मला या संदर्भात सगळ्यात बोलकी वाटते. १९१४ च्या मे महिन्यात हे जहाज ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला पोचलं. बहुतेक पंजाबी शीख, सगळे ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन. कॅनडाच्या नियमात 'भारतीयांना बंदी' असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं इतकंच होतं की प्रवाशाने आपल्या मायदेशातून न थांबता, सलग प्रवास करून आलेलं असावं, आणि आशियातून येणाऱ्याने जवळ २०० डॉलर दाखवावेत. भारतातून कॅनडाला थेट जहाजसेवा नव्हती. नियम दिसायला सरळ होता, त्याची निवड मात्र नेमकी होती. दोन महिने जहाज बंदरात उभं राहिलं, मोजक्यांनाच उतरता आलं, २३ जुलैला ते परत फिरलं. कलकत्त्याजवळ बजबजला पोहोचल्यावर ब्रिटिश पोलिसांच्या गोळीबारात अनेकांचा जीव गेला. कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली ती २०१६ मध्ये.

आजच्या व्हिसाच्या यादीतही कुणाचा धर्म, लिंग, जात विचारून नकार दिला जात नाही. मालमत्ता, पगार, आयकर विचारला जातो. पण ज्या समाजात मालमत्ता पुरुषाच्या नावावर असते, तिथे हा प्रश्न बाईला वेगळा पडतो आणि पुरुषाला वेगळा. मावशीची मुळं गावात किती खोल आहेत हे मला माहीत आहे. देवघरातला टाक, आजारी जाऊ, पावसाळ्याआधी शाकारायचं घर, दर महिन्याची भिशी, जिचा हप्ता तिने चौदा वर्षांत एकदाही चुकवलेला नाही. यातलं काहीच झेरॉक्स होत नाही. परदेशात ती सहा आठवड्यांहून जास्त काळ टिकणार नाही हे तिची लेकच हसत सांगत होती. त्या अधिकाऱ्याला हे कळायला मार्ग नव्हता, हे मी समजू शकते. पण त्यांनी ते विचारलंही नाही, आणि न विचारता शंका 'रास्त' ठरवली.

घर सोडून जाण्याच्या हक्काबाबत आपल्या न्यायालयांनी मोठं काम केलेलं आहे. १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला. तोवर पासपोर्ट देणं न देणं ही सरकारची मर्जी होती. त्या निकालामुळे त्याच वर्षी पासपोर्ट कायदा करावा लागला. दहा वर्षांनी मनेका गांधी यांचा पासपोर्ट 'जनहितार्थ' जप्त झाला आणि कारणं द्यायला सरकारने नकार दिला. १९७८ च्या त्या निकालाने सांगितलं की स्वातंत्र्य काढून घेणारी पद्धत न्याय्य आणि वाजवी असली पाहिजे, माणसाला आपली बाजू मांडता आली पाहिजे. आपल्या दारातून बाहेर पडण्यापुरतं हे तत्त्व लागू आहे. पलीकडच्या दाराशी ते थांबतं. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या तेराव्या कलमातही हीच गत आहे: कुठलाही देश सोडण्याचा हक्क आहे, स्वतःच्या देशात परतण्याचा आहे, दुसऱ्या देशात पाऊल ठेवण्याचा नाही.

आणि हे लिहिताना आपल्या स्वतःच्या दाराकडे पाठ फिरवणं मला प्रामाणिक वाटत नाही. नेपाळ, भूतानच्या लोकांना आपण मोकळेपणाने येऊ देतो. बाकी जवळजवळ सगळ्या जगाला व्हिसा लावतो. कोकणातली कितीतरी मुसलमान घरं फाळणीनंतर रत्नागिरी आणि कराची अशी विभागली गेली. १९५२ पर्यंत दोन्ही देशांत ये-जा करायला पासपोर्ट-व्हिसा लागत नव्हता. १९९४ मध्ये कराचीतला आपला वाणिज्य दूतावास बंद झाला, आणि तिकडच्या बहिणीला इकडे भावाच्या घरी यायचं तर अर्जासाठी आधी इस्लामाबाद गाठावं लागू लागलं. सुरक्षेची कारणं खरी असतील; दहशतवादाची झळ मुंबईने सोसली आहे. पण त्या वृद्ध बहिणीलाही आपण मावशीसारखंच वागवतो: कारण न सांगता थांबवतो. जे आपल्याला परक्या खिडकीवर टोचतं ते आपल्या खिडकीवर दुसऱ्याला टोचत असणार.

म्हणून माझं मागणं मर्यादित आहे. नकार द्या, पण त्या माणसाबद्दलचं, त्या फाइलमधलं कारण लिहून द्या. शंका असेल तर एक फोन करा, एक प्रश्न विचारा. अर्ज फेटाळला तर शुल्काचा काही भाग परत करा. ९० युरो ही मावशीच्या पोस्टातल्या पैशांतून उभी राहिलेली रक्कम आहे. जवळच्या नात्यातल्या बाळंतपणाला, आजारपणाला, मृत्यूला पर्यटनाच्या रांगेत उभं करू नका. आणि द्विपक्षीय बोलणी करताना आपल्या परराष्ट्र खात्याने उद्योजकांच्या, अभियंत्यांच्या व्हिसाइतकाच आग्रह आई-वडिलांच्या व्हिसासाठी धरावा.

एक गोष्ट मात्र कुठल्याही दूतावासाच्या हातात नव्हती, आमच्या हातात होती. शरद जोशी यांनी नव्वदच्या सुमारास शेतकरी संघटनेतून लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, गावोगावच्या शेतकऱ्यांना जमिनीचा वाटा बायकोच्या नावावर करायला सांगितलं. आमच्या घरी त्यावर चर्चा झाली होती, कागद हलला नव्हता. तो हलायला एक परदेशी नकार यावा लागला याची मला लाज वाटते. मावशीच्या थोरल्या दिरांनी स्वतः तलाठ्याकडे जाऊन एकुमॅची नोंद काढायचा आणि मावशीचं नाव वारस म्हणून लावायचा अर्ज दिला. पाच महिन्यांनी फेरफार मंजूर झाला.

नात आता अकरा महिन्यांची आहे आणि मावशीने तिला फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं आहे. अळीव, डिंक कधीच वाटून टाकले. पुढच्या महिन्याच्या ९ तारखेला दुसऱ्या अर्जाची वेळ मिळाली आहे. या वेळी फाइलमध्ये सर्वांत वर नवा सातबारा आहे, त्याचं इंग्रजी भाषांतर जोडलेलं आहे, आणि त्यावर मावशीचं नाव आहे.